जिथे लिंबू पिळता, तिथे रीसलिंग: जर्मनीच्या कोरड्या व्हाइट वाईनबद्दल सगळं

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे बघा’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कापलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? चला.

आजचा विषय इनबॉक्समुळे आला. जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेले आपले मराठी श्रोते एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ‘कलीगने घरी जेवायला बोलावलंय. हातात वाईनची बाटली न्यायची असते म्हणतात. सुपरमार्केटमध्ये उभी आहे, समोर शंभर बाटल्या आहेत, लेबलवरचं ओ की ठो कळत नाहीये. काय उचलू?’

छोटं उत्तर आधी देते. रीसलिंग उचल, आणि लेबलवर ‘ट्रॉकन’ हा शब्द आहे का ते बघ. पण हे उत्तर एवढ्यावर सोडलं तर तुम्ही एक दिवस ही बाटली झणझणीत रश्शासोबत उघडाल आणि मला शिव्या घालाल. त्यामुळे ट्रॉकन म्हणजे नेमकं काय, ही वाईन कशासोबत जमते आणि कशासोबत अजिबात जमत नाही, ते आज नीट समजून घेऊ.

०१:१० | आधी उच्चार

‘राइसलिंग’ नाही, ‘रीसलिंग’. हे एका पांढऱ्या द्राक्षाच्या जातीचं नाव आहे आणि त्यापासून केलेल्या वाईनचंही. जर्मनीत वाईनच्या द्राक्षांखाली साधारण एक लाख हेक्टर जमीन आहे, आणि त्यातली जवळजवळ पाव जमीन एकट्या रीसलिंगकडे आहे. तिथे सगळ्यात जास्त लावलं जाणारं द्राक्ष हेच.

जुनंही आहे. या नावाची पहिली लेखी नोंद १३ मार्च १४३५ची मानतात. ऱ्हाइनगाऊजवळच्या रुसेल्सहाइम गावात एका सरदाराच्या हिशेबात रीसलिंगची रोपं विकत घेतल्याचा खर्च लिहिलेला सापडतो. म्हणजे या द्राक्षाचा जन्मदाखला चक्क एक बिल आहे!

०२:०० | कोरडी म्हणजे काय?

‘ड्राय वाईन’ म्हटलं की अनेकांना वाटतं, कडक वाईन. किंवा आंबट वाईन. किंवा घसा कोरडा पाडणारी. यातलं काहीच नाही. ड्राय म्हणजे साखर न उरलेली, किंवा अगदी थोडी उरलेली. बस्स.

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर खाऊन संपवली तर वाईन कोरडी. मध्येच थांबवलं तर जी साखर उरते ती वाईनमध्येच राहते, आणि वाईन गोड लागते. जर्मन भाषेत कोरड्याला म्हणतात ट्रॉकन. लेबलवर अक्षरं अशी दिसतील: टी, आर, ओ, सी, के, ई, एन.

कायदाही आहे. लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ट्रॉकन. पण वाईनमध्ये आम्ल भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते. अट एवढीच, की साखरेचा आकडा आम्लाच्या आकड्यापेक्षा २ ग्रॅमहून जास्त वर जायचा नाही. आम्ल ७ ग्रॅम, तर साखर ९पर्यंत. आम्ल ६, तर साखर ८पर्यंत.

हा नियम विचित्र वाटतो ना? लिंबू सरबत आठवा. लिंबू जास्त पडलं की साखर जास्त लागते, आणि तरी सरबत फार गोड होत नाही. जिभेला साखर एकटी कळत नाही, आंबटाच्या जोडीने कळते. जर्मन कायद्याने हेच सरबताचं गणित लिहून ठेवलंय.

आणि ९ ग्रॅम म्हणजे किती? १५० मिलिलिटरच्या ग्लासात जेमतेम सव्वा ते दीड ग्रॅम. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. तुमच्या कोलामध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर असते, ते बघा.

०३:५० | मग ‘जर्मन वाईन गोड’ हा शिक्का का बसला?

कारण गोड वाईन जगभर विकली गेली, म्हणून. जर्मनीच्या द्राक्षबागा साधारण ५० अक्षांशाच्या आसपास आहेत. आपलं नाशिक २० अक्षांशावर. एवढ्या उत्तरेला पूर्वी द्राक्ष पिकायलाच मारामार. तोडणी उशिरा व्हायची, मग थंडी पडायची, तळघरात यीस्ट गारठून बसायचं आणि साखर अर्धवट उरायची. शिवाय कच्चट द्राक्षाचं आम्ल इतकं तिखट, की थोडी साखर असलेली बरीच वाटायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सोपं झालं. बारीक गाळण्या आल्या, यीस्ट पूर्ण गाळून काढता यायला लागलं. मग कोरड्या वाईनमध्ये न आंबवलेला द्राक्षाचा रस मिसळून हवी तेवढी गोडी आणता यायची. लीबफ्राउमिल्श नावाची स्वस्त गोड वाईन बाहेरच्या देशांत धो धो गेली, आणि लोकांच्या डोक्यात ‘जर्मन म्हणजे गोड आणि स्वस्त’ हे पक्कं बसलं. त्यात १९८५मध्ये ऑस्ट्रियातला घोटाळा उघड झाला. वाईन दाट आणि गोडसर लागावी म्हणून काही जणांनी त्यात डायइथिलीन ग्लायकोल मिसळलं होतं. काही जर्मन बाटल्यांपर्यंतही ते पोहोचलं, आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

यात नुकसान कुणाचं झालं? जे बागायतदार प्रामाणिकपणे चांगली वाईन करत होते त्यांचं. त्यानंतर त्यांनी कोरड्या वाईनवर जोर दिला. हवामानही गरम होत गेलं. द्राक्षं आता नीट पिकतात, आम्ल थोडं मवाळ होतं, आणि साखरेचा आधार न घेता वाईन तोल सांभाळते. चांगली गोड जर्मन रीसलिंगही आहे बरं का, आणि ती अप्रतिम असते. पण जर्मन लोक स्वतः जेवणासोबत जी पितात ती बहुतेक वेळा कोरडी.

०५:५० | लेबलवरचा सापळा

आता सगळ्यात उपयोगी भाग. स्क्रीनशॉट घ्यायचा असेल तर इथे घ्या.

ट्रॉकन म्हणजे कोरडी. हाल्बट्रॉकन म्हणजे अर्धकोरडी, लिटरला १८ ग्रॅमपर्यंत साखर. फाइनहेर्ब म्हणजे साधारण हाल्बट्रॉकनच्या आसपास, पण या शब्दाला कायद्याचा ठरावीक आकडा नाही. लीबलिश म्हणजे सरळ गोडसर.

इथपर्यंत सोपं आहे. सापळा पुढे. लेबलवर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे असे शब्द दिसतात. अनेकांना वाटतं, हे गोडीचे प्रकार आहेत. तसं नाही. तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात साखर किती होती, म्हणजे द्राक्ष किती पिकलं होतं, ते हे शब्द सांगतात. श्पेटलेझेचा अर्थच ‘उशिरा केलेली तोडणी’. योहानिसबर्गच्या मठाची १७७५ची गोष्ट सांगतात, की तोडणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षं वेलावर सडायला लागली होती, आणि त्यांचीच वाईन भन्नाट निघाली. त्या स्वाराचा पुतळा आजही तिथे उभा आहे.

मग, पिकलेल्या द्राक्षातली सगळी साखर यीस्टने खाल्ली तर? कोरडी वाईन. म्हणून बाटलीवर ‘श्पेटलेझे ट्रॉकन’ असंही लिहिलेलं सापडतं. नुसतं श्पेटलेझे लिहिलंय आणि ट्रॉकन कुठेच नाही? मग ती बहुतेक गोड. एका शब्दाचा फरक, आणि ताटाशी जुळणारी आख्खी वाईन बदलते.

शब्द सापडतच नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा, तो लेबलवर असतोच. साखरेचंच अल्कोहोल होतं, हे आपण बघितलं. मग ८ टक्के लिहिलं असेल तर बरीच साखर खायची राहून गेलीय. १२ टक्के असेल तर बहुतेक सगळी खाल्ली गेलीय. रीसलिंगमध्ये साडेअकराच्या वर कोरडी, नऊच्या खाली गोड, असा ढोबळ अंदाज चालतो.

अजून एक खूण. बाटलीच्या झाकणापाशी गरुड दिसला, त्याच्या छातीवर द्राक्षाचा घड असलेला, तर ती व्हीडीपी नावाच्या संघटनेच्या सदस्याची बाटली. १९१०पासूनची संघटना आहे. त्यांच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या बागेतल्या कोरड्या वाईनला ग्रोसेस गेवेक्स म्हणतात, बाटलीवर ‘जीजी’ ही अक्षरं येतात. ती कायम कोरडीच असते. महागही असते, त्यामुळे पहिल्या भेटीला तिची गरज नाही.

०८:१५ | लिंबाची फोड

आता ताटाकडे या. कोरड्या रीसलिंगची खरी ताकद तिच्या आम्लात आहे. वाईन आणि जेवणाच्या जोड्यांवर जाडजूड पुस्तकं आहेत, पण आपल्याकडे एक सोपी परीक्षा आहे. स्वतःला विचारा: या पदार्थावर मी लिंबू पिळलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर कोरडी रीसलिंग बहुतेक जमणार.

कारण काम तेच आहे. तळलेल्या माशावर लिंबू का पिळतो? तेलकटपणा कापायला. तोंड पुन्हा मोकळं होतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. रीसलिंगचा घोट हेच करतो. त्याखेरीज तिला हिरव्या सफरचंदाचा, पीचचा, लिंबाच्या सालीचा वास असतो. ओकच्या नव्या पिंपाचा वास तिला सहसा देत नाहीत, त्यामुळे ती पदार्थावर कुरघोडी करत नाही.

यातून तीन नियम निघतात.

पहिला: तेल, लोणी, साय, चरबी असेल तर आम्ल हवंच. दुसरा: पदार्थ आंबट असेल तर वाईन निदान तेवढी तरी आंबट हवी, नाहीतर वाईन पाणचट लागते. तिसरा: पदार्थ गोड असेल तर कोरडी वाईन नको. गोड घासानंतर ती कडवट आणि नुसती आंबट लागते. गुलाबजाम खाऊन लगेच मोसंबी खाल्लीय कधी? तसंच.

१०:०० | जर्मन ताट

श्निट्झलपासून सुरुवात करू. मांसाचा पातळ तुकडा, ब्रेडचा चुरा लावून तळलेला, आणि ताटात कडेला काय असतं? लिंबाची फोड! परीक्षा शंभर टक्के पास.

ट्राउट मासा, म्हणजे तिथला फोरेले. पिठात घोळवून लोण्यात परतलेला. ही जोडी डोळे मिटून घ्या.

सावरक्राउट, आंबवलेली कोबी, आणि सोबत डुकराचं मांस. कोबी आंबट, मांस चरबीचं. दुसरा नियमही लागू, पहिलाही. फाल्त्स भागात झावमागेन नावाचा पदार्थ आहे. डुकराच्या पोटाच्या पिशवीत मांस, बटाटे, मसाले भरून शिजवतात, मग कापून परततात. चॅन्सलर हेल्मुट कोल त्याच भागातले. त्यांनी मार्गारेट थॅचर आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनाही तो खाऊ घातला होता. फाल्त्सची रीसलिंग थोडी भरदार असते, अशा जड पदार्थाला ती पुरून उरते.

शाकाहारी मंडळी, तुम्हाला विसरले नाहीये. फ्रांकफुर्टचा ग्रीन सॉस मागवा. सात प्रकारची हिरवी पानं बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवतात आणि उकडलेल्या बटाट्यांसोबत देतात. अंडीही असतात, नको असतील तर सांगा. तिथले लोक यासोबत सफरचंदाची वाईन पितात, पण शेजारच्या ऱ्हाइनगाऊची कोरडी रीसलिंगही छान जुळते. कांदा आणि आंबट साय लावलेला पातळ फ्लामकूखन पण चालेल, फक्त त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात का ते आधी विचारा. बटाट्याचे किसून तळलेले पॅनकेक नुसते मीठ लावून खाल्ले तर ट्रॉकन. सोबत सफरचंदाचा गोड सॉस घेतला तर हाल्बट्रॉकन. तिसरा नियम.

आणि श्पारगल, पांढरं शतावरीचं कोंब. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत सगळा देश हेच खातो. इथे मात्र जरा जपून. श्पारगलच्या हलक्या कडवटपणामुळे तीक्ष्ण वाईन कधीकधी धातूसारखी लागते. फ्रांकेनमध्ये त्यासोबत झिल्वानर नावाची मवाळ कोरडी वाईन पितात, चपट्या गोल बाटलीतली. मी पण तीच सुचवेन. वर लोण्याचा हॉलंडेझ सॉस भरपूर असेल तर मात्र रीसलिंगही सांभाळून घेते.

१२:२० | आणि आपलं ताट?

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या फ्रीजमध्ये काय असतं ते आपल्याला माहितीये. म्हणून हेही.

रवा लावून तळलेला मासा, कमी तिखटाचा: मस्त. कोथिंबीर वडी: मस्त, लिंबाची परीक्षा पास. साबुदाणा वडा: पास, पण चटणी गोड नको. चिंचगुळाची अळूवडी: हाल्बट्रॉकनकडे जा. पुरणपोळी, श्रीखंड: ट्रॉकन अजिबात नको.

तांबडा रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ? इथे लिंबाची परीक्षा फसते. मिसळीवर आपण लिंबू पिळतोच की! पण वाईनमध्ये लिंबाखेरीज अल्कोहोलही असतं, आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. साखर ती आग शांत करते, अल्कोहोल कमी असेल तर त्रासही कमी. म्हणून तिखटासोबत १२ टक्क्यांची ट्रॉकन नको, ८–९ टक्क्यांची गोडसर काबिनेट बरी. आणि खरं सांगू? मिसळीसोबत ताकच बरं.

१३:४० | बाटली घरी आणल्यावर

फ्रीजमध्ये दोन-तीन तास. ८ ते १० अंश ठीक. बर्फासारखी गार केली तर वासच येत नाही. बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, ते हलक्या मालाचं लक्षण नाही, आणि हॉस्टेलवर कॉर्कस्क्रू शोधायची कटकट वाचते. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते आम्लाचेच स्फटिक आहेत, निरुपद्रवी. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो, तोही तिचा नेहमीचा गुण आहे. काहींना आवडतो, काहींना नाही.

उरली तर सोडा मिसळून शोर्ले करा. फाल्त्समध्ये हे अर्ध्या लिटरच्या ठिपके असलेल्या ग्लासात पितात.

आणि हे नीट ऐका. तुम्ही जिथे असाल तिथलं कायदेशीर वय पाळा. जर्मनीत २१ वर्षांखालच्या आणि नवीन लायसन्सवाल्या ड्रायव्हरला दारूचा एक थेंबही चालत नाही. ‘एकच ग्लास घेतला होता’ हे कारण तिथे कुणी ऐकत नाही. पीत नसाल तर ‘आल्कोहोलफ्राय’ लिहिलेली, अल्कोहोल काढून टाकलेली रीसलिंग मिळते, किंवा सरळ द्राक्षाचा रस न्या. कुणी वाईट मानत नाही.

१५:०० | जाता जाता: किंमत कशाची?

सुपरमार्केटमध्ये चार-पाच युरोंची रीसलिंग मिळते, आणि शेजारीच मोझेलची वीस युरोंची दिसते. फरक कशाचा? मोझेल नदीच्या काठावर बागा अक्षरशः कड्यांवर आहेत. ब्रेम गावाजवळच्या कालमोंटचा चढ सुमारे ६५ अंशांपर्यंत जातो. जमिनीत आपल्या शाळेच्या पाटीचा दगड, तो दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. पण तिथे ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी, फवारणी, तोडणी, बरीचशी कामं माणसाने हाताने करायची, माल खाली आणायला छोटी एकरुळी गाडी. सपाट जमिनीच्या कितीतरी पट कष्ट. पुढच्या पिढीला ते परवडत नाहीत, म्हणून असे कडे ओस पडत चाललेत. ती वीस युरोंची बाटली घ्यायलाच हवी असं मी म्हणत नाही. पण घेतलीत तर पैसा कुठे जातो, ते माहीत असू द्या.

तर मंडळी, रॅकसमोर उभे असाल तर तीन गोष्टी बघा: ट्रॉकन शब्द आहे का, अल्कोहोल साडेअकराच्या वर आहे का, आणि यजमान जे वाढणार आहेत त्यावर तुम्ही लिंबू पिळलं असतं का. काय शिजतंय हे माहीत नसेल तर फोन करून विचारा. ‘तुम्ही काय बनवताय? त्याप्रमाणे वाईन आणते,’ हे वाक्य ऐकून यजमान खूश होतो, मग तो जर्मन असो की डोंबिवलीचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर नीट जेवा!